मुरूम सापडला नाही तेव्हा

नाशकात इमारतीच्या पायासाठी जमीन तपासायला बोअर घेताना खाली काय लागणार हे बहुधा आधीच ठाऊक असतं: काळी माती, मग मुरूम, मग झिजलेला बसाल्ट आणि शेवटी टणक पाषाण. पाथर्डी फाट्यापलीकडच्या प्लॉटवर पहिल्या दोन बोअरला हाच क्रम मिळाला. तिसऱ्यात विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, दुधाची पिशवी.

ठोक्यांच्या चाचणीत 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पाडतात आणि नळी शेवटचे 30 सेंटिमीटर उतरायला किती ठोके लागले ते मोजतात. इथे आधी सहा-सात ठोके, मग एकदम पन्नासच्या वर. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, पाषाण लागला, थांबवू का?" पण बोअरमध्ये सोडलेलं पाणी वर येतच नव्हतं, सगळं आत गडप होत होतं; अखंड पाषाणात ते असं मुरत नाही. मी थांबू दिलं नाही. तो डबरातला एक मोठा धोंडा निघाला. खरा बसाल्ट सात मीटरच्या आसपास आला, करकरीत, ताजा. वर मुरमाचा मागमूस नाही.

भराव नुसता जमिनीवर टाकला असता तर त्याखाली मूळची माती आणि मुरूम राहिले असते. ते कुणीतरी आधीच खणून नेले होते. म्हणजे ही राडारोड्याने बुजवलेली जुनी दगडखाण.

ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण जमिनीवर रचलेला भराव, उकरलेली जमीन आणि उकरून पुन्हा भरलेली जमीन नकाशावर वेगवेगळी दाखवतं. आपल्याकडचे नेहमीचे नकाशे बसाल्ट दाखवून थांबतात. आणि हे अशा शहरात, जिथे गोदाकाठच्या 'मातीची गढी' या टेकाडात पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी 1950-51 मध्ये उत्खनन करून माणसाने चढवलेले थर एकेक करून वाचले!

खाणीची भिंत जवळपास उभी असते. इमारतीचे अर्धे कॉलम पाषाणावर आणि अर्धे राडारोड्यावर आले, तर एक बाजू खचते आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. म्हणून मी प्लॅनवर दोन आणि तीन नंबरच्या बोअरच्या मधे खाणीच्या काठाची तुटक रेघ काढली होती. अहवालाच्या शेवटच्या प्रतीतून ती गायब झाली. उरलं फक्त "भराव, 0 ते 7 मीटर". सल्लागारांना भारक्षमतेचा, म्हणजे जमीन किती वजन पेलेल याचा, आकडा तेवढा हवा असतो. मी भांडून रेघ परत घातली.

पण काठ नेमका कुठे, हे त्या दोन बोअरमधल्या अंतरात कुठेही असू शकतं. मधे आणखी बोअर मागितले आहेत. मंजुरी आलेली नाही, आणि कॉलमची आखणी सुरू झाली आहे.