अलास्काच्या बोटीवर संध्याकाळी बसायचं कुठे?

पहिल्याच संध्याकाळी आईबाबांना घेऊन मी लाउंजमध्ये गेले आणि दारातच थबकले. २०१७ साली याच क्रूझ कंपनीच्या बोटीवर याच जागी रोज तिघं वादक बसायचे: व्हायोलिन, चेलो आणि पियानो. जेवणाआधी पाऊण तास, जेवणानंतर पुन्हा तासभर. मध्ये लाकडी फरशीचा चौकोन होता, त्यावर म्हाताऱ्या जोड्या हळूहळू नाचायच्या. या वेळी भिंतीवर मोठा पडदा होता, छतातल्या स्पीकरमधून गाणी वाजत होती आणि फरशीवर दागिन्यांच्या सेलची टेबलं मांडली होती. टेबलाच्या पायांमध्ये टाचांनी घासून फिकट झालेलं लाकूड दिसत होतं. आईला मी वर्षभर त्या तिघांबद्दल सांगत होते. ती म्हणाली, "असू दे गं, समुद्र तर आहे ना." पण माझा जीव खट्टू झाला तो झालाच.

कंपनीचं नाव देत नाही, कारण हा बदल एकाच कंपनीत झालेला नाही. सात रात्रींच्या या प्रवासात मी दिसेल त्याला विचारत सुटले, तुम्हाला नवं आवडतं की जुनं? उत्तरं खूप वेगवेगळी आली. तुम्ही आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर ती उपयोगी पडतील म्हणून लिहिते आहे.

आधी कागदपत्रांचं, कारण तिथे चुकलं तर पुढचं सगळंच राहतं. आमची बोट कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परत येणारी होती, वाटेत अलास्कातले थांबे: जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकॅन. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिका आणि कॅनडा दोन्हींचे व्हिसा लागतात, आणि अनेक प्रवेशांचे असलेले बरे. अमेरिकेचं इमिग्रेशन व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेस धक्क्यावरच होतं, बोटीत चढायच्या आधी. आईबाबा सिअ‍ॅटलला मुलांकडे आलेले असतात, तेव्हा पुष्कळांना वाटतं की सिअ‍ॅटलहून बोट घेतली की कॅनडाचा प्रश्नच मिटला. तसं नाही. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या बोटीला मध्ये एखादं परदेशी बंदर घेतल्याशिवाय अमेरिकेतून अशी फेरी करता येत नाही. म्हणून सिअ‍ॅटलच्या बोटी बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. कॅनडाचा व्हिसा लागणार असं धरूनच चाला.

आता मूळ विषयाकडे. दुसरा दिवस पूर्ण समुद्रावर होता आणि त्याच दिवशी लोकांशी सगळ्यात जास्त बोलणं झालं. न्याहारीला शेजारच्या टेबलावर कॅलगरीचं सत्तरी ओलांडलेलं जोडपं होतं. दोघं आयुष्यभर बॉलरूम नृत्य शिकलेली. बोटीवर यायचं कारणच ते, म्हणाल्या बाई. घरी एवढी मोठी फरशी नाही आणि समोर बसून कोणी आपल्यासाठी वाजवत नाही. रेकॉर्डवर नाचताना काय कमी पडतं, असं मी विचारलं. त्यांचे यजमान म्हणाले, वादक आमच्या पायांकडे बघून लय थोडी ओढून धरतो, रेकॉर्ड कुणासाठी थांबत नाही. बाबा गावी भजनाला तबला वाजवायचे. हे ऐकून त्यांनी टेबलावर हात आपटला, "अगदी बरोबर!" ठेका गायकाच्या श्वासाबरोबर चालतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

याच्या अगदी उलट मत नाशिकच्या एका जोडप्याचं होतं. आता टोरोंटोला असतात, मुलं नऊ आणि बारा वर्षांची. पडद्यावरच्या प्रश्नमंजूषा, पालकांना स्टेजवर बोलावून खेळवले जाणारे खेळ, कानाला हेडफोन लावून सगळ्यांनी एकत्र नाचायचा कार्यक्रम, यात मुलं इतकी रमली की रात्री साडेअकराला ओढून आणावी लागायची. तो म्हणाला, "ताई, व्हायोलिन ऐकायला माझी मुलं दहा मिनिटंही बसली नसती. सुट्टी त्यांचीही आहे ना?" हे मला पटलं. आठ वर्षांपूर्वी अशा बोटीवर मुलांना करण्यासारखं फारसं काही नव्हतं, हेही खरं आहे.

ऑस्ट्रेलियाची एक बाई एकटीच प्रवास करत होती. तिला संगीताचं फारसं काही नव्हतं, पण वाचनालयाचा कोपरा गेला याचं खूप दुःख होतं. तिथे आता दुकान आहे. एकट्या माणसाला संध्याकाळी हातात पुस्तक घेऊन, कुणी काही न विचारता, पण माणसांमध्ये बसता येईल अशी ती एकच जागा होती, असं ती म्हणाली. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडच्या किती विधवा मावश्या-आत्या अशा सहलींना एकट्या येतात!

मोठ्या थिएटरातला शो आम्ही तिसऱ्या रात्री पाहिला. मागच्या खेपेला स्टेजच्या बाजूला वाद्यवृंद होता. आता संगीत आधी ध्वनिमुद्रित केलेलं आणि मागे अख्ख्या भिंतीएवढा एलईडी पडदा. नाचणारी मुलं सहाच, पण काय जीव तोडून नाचली! बोट हलत असताना एका पायावर गिरकी घेणं सोपं नाही. पडद्यावरचं समुद्राचं दृश्य मात्र आईला सहन होईना, तिला गरगरायला लागलं. तुमच्याबरोबर कुणाला बोट लागत असेल तर थिएटरात मागच्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसा. थिएटर बोटीच्या पुढच्या टोकाला असेल तर तिथे हेलकावे जास्त जाणवतात.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. शो साडेसात आणि साडेनऊला. म्हणजे साडेनऊचा शो धरलात, तर बाहेर डोंगरांवर सोनेरी उजेड पडलेला असताना तुम्ही अंधारात बसलेले असता. आम्ही पुढे साडेसातचाच शो धरला आणि नंतर डेकवर गेलो. त्यासाठी जेवण साडेपाचला घ्यावं लागतं. आईबाबांना ती वेळ आवडली, मला जड गेली. डेकवरच्या त्या दोन तासांत आम्हाला देवमाशांचे फवारे तीनदा दिसले.

किनाऱ्यावरच्या जागांबद्दल थोडक्यात. जुनोला मेंडनहॉल हिमनदी बघा. स्कॅगवेला सोन्याच्या शोधाच्या काळात, १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली व्हाइट पासची छोट्या रुळांची रेल्वे आहे, गुडघे दुखणाऱ्यांसाठी उत्तम, बसल्या जागी सगळं दिसतं. जाताना डावीकडे बसा. केचिकॅनला छत्री नको, टोपीचा रेनकोट हवा. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. रत्नागिरीचे आमचे बाबा तिथल्या लाकडी पुलावर भिजत उभे राहिले आणि म्हणाले, "हा आपलाच पाऊस, फक्त थंड."

पण ग्लेशियर बेचा दिवस थोडक्यात सांगण्यासारखा नाही. त्या खाडीत दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या बोटींना सोडतात. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या होडीने येऊन, शिडीने आमच्या बोटीवर चढले. खाडीवर मूळ हक्क सांगणाऱ्या हूना ट्लिंगिट लोकांपैकी एक बाईही आल्या होत्या. त्यांनी त्यांच्या भाषेत दोन शब्द म्हटले आणि त्यांची पूर्वजांची गावं वाढत्या हिमनदीखाली कशी गेली ते सांगितलं. साधा माइक, हातात एक नकाशा. दीड हजार माणसांच्या बोटीवर थिएटर तुडुंब भरलेलं आणि टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. १७९४ मध्ये इंग्रज खलाशी इथे आले तेव्हा खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. आज मार्जरी हिमनदीपर्यंत पोचायला साठ मैलांहून जास्त आत जावं लागतं. तिच्यासमोर बोट तासभर उभी राहिली. आधी बंदुकीसारखा कडकडाट, मग काही क्षण काहीच नाही, आणि मग निळसर बर्फाचा कडा सावकाश पाण्यात उतरला. त्या आवाजाला ट्लिंगिट लोक पांढरी गर्जना म्हणतात.

त्या रात्री मी पुन्हा सगळ्यांना विचारलं. कॅलगरीचं जोडपं, नाशिकचा तो तरुण बाप, ऑस्ट्रेलियाची बाई, सगळ्यांचं एकमत होतं: आजचं सगळ्यात छान. मला त्यातून एवढंच कळलं की नवं-जुनं असा झगडा नाहीच. समोर एखादा जिवंत माणूस आपल्या विषयावर प्रेमाने काही देत असेल, तर नऊ वर्षांचा मुलगाही बसतो. त्या तरुणाची दोन्ही मुलं रेंजरच्या पुढ्यात मांडी घालून बसलेली मी पाहिली.

मग हे वादक काढतात कशाला? हे मला पियानो बारमधल्या फिलिपिनो वादकाने समजावलं. बोटीवर उरलेला जिवंत वाद्य वाजवणारा जवळजवळ तो एकटाच. तीन वादक म्हणजे तीन पगार, तीन विमानाची तिकिटं आणि राहायला खोल्या, तर पडदा एकदा लावला की लावला. शिवाय स्पर्धा मोठ्या आकर्षणांची आहे. १९९९ मध्ये 'व्हॉयेजर ऑफ द सीज'वर पहिल्यांदा बर्फावर स्केटिंगची जागा आली, २००९ मध्ये 'ओअ‍ॅसिस ऑफ द सीज'वर पाण्याचं खुलं थिएटर. जाहिरातीत असल्या गोष्टी दिसतात, कोपऱ्यातला चेलो दिसत नाही. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती नीट लक्षात ठेवा. कुठल्या कार्यक्रमाला किती माणसं बसली आहेत हे त्यांच्याकडे मोजतात, आणि तो आकडा वर जातो. म्हणजे जे आवडतं तिथे वेळेवर जाऊन बसा. "नंतर डोकावू" म्हटलं की तुमचं मत मोजलं जात नाही.

त्याच्याशी ओळख झाली ती आईमुळे. पाचव्या रात्री बारमध्ये आम्ही तिघं आणि ते कॅलगरीचे दोघं, एवढेच होतो. आई एका अभंगाची चाल गुणगुणत होती. त्याने ऐकलं आणि सूर शोधायला लागला. कुठल्या पट्टीत, असं त्याने विचारलं. आई मराठीतच म्हणाली, "काळी चार." बाबांनी उठून पियानोवरची चौथी काळी पट्टी बोटाने दाखवली. त्याने ती दाबली, आईने सा लावला आणि मान हलवली. पुढची वीस मिनिटं ती गात होती आणि तो तिच्या मागे मागे येत होता. कुठे ती थांबली की तोही थांबायचा. बाबांनी टेबलावर ठेका धरला. कॅलगरीच्या बाई उठल्या आणि यजमानांचा हात धरून जागच्या जागी डोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच धीर केला. स्वागतकक्षात जाऊन विचारलं, वरचं लाउंज दुपारी रिकामं असतं, तिथली फरशी तासभर मिळेल का? लगेच हो म्हणाले. पैसे नाहीत, अर्ज नाही. शेवटच्या दिवशी चार ते पाच ती दोघं तिथे नाचली, आणि आणखी पाच जोड्या आल्या. शेजारची पत्त्यांची खोली आम्ही अशीच मागून घेतली, बोटीवरची अकरा मराठी माणसं जमली आणि भेंड्या झाल्या. तुम्हीही मागा. पहिल्याच दिवशी मागा, आम्ही पाच दिवस वाया घालवले.

आता जाताना लक्षात ठेवायच्या बाकीच्या गोष्टी. तिकीट काढण्याआधी त्याच बोटीची, त्याच वर्षाची कार्यक्रमपत्रिका कुणाकडून तरी मिळवून वाचा. माझ्यासारखं आठ वर्षांपूर्वीच्या आठवणीवर जाऊ नका, आणि तुमचं तिकीट काढणाऱ्याच्या माहितीवर तर अजिबात नको. आमच्याने अजून तीन वादकांचा फोटो पाठवला होता. केबिन निवडताना बोटीचा नकाशा उघडा आणि वरखाली लाउंज किंवा बार नाही ना, हे बघा. ढोल नाही, पण बासचा धक्का रात्री बारापर्यंत गादीतून जाणवतो. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा घ्या. रोजचा कार्यक्रम आता बोटीच्या अ‍ॅपवर येतो, त्याला इंटरनेटचे पैसे पडत नाहीत, पण आईबाबांना छापील हवा असेल तर स्वागतकक्षात मागितला की देतात. शाकाहारी जेवणाचं बुकिंगच्या वेळीच कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याशी बोला. आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी आमटीभात नाही, तरी डाळ, भाजी आणि गरम पोळीसारखं काहीतरी नक्की मिळतं.

परत आल्यावर ईमेलवर अभिप्रायाचा फॉर्म येतो. तारे देऊन सोडू नका. खाली लिहायला जागा असते, तिथे लिहा: कुठलं लाउंज, कुठली वेळ, काय हवं होतं. मी त्या पियानोवाल्याचं नाव, वार आणि वेळ घालून लिहिलं. वाचनालयाबद्दलही लिहिलं, त्या ऑस्ट्रेलियाच्या बाईला तसा शब्द दिला होता. फॉर्म इंग्रजीत असतो, म्हणून आईबाबांचा राहून जातो. त्यांच्या शेजारी बसा, त्यांना विचारा आणि ते म्हणतील ते भरा. आईने मला शेवटचं वाक्य सांगितलं ते असं: "त्या मुलाला तबल्याची जोडी द्या, पुढच्या वेळी हे वाजवतील."