पहिलं डीमॅट उघडताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद विकली की पट्टीवर आधी कपात बघतात, मग भाव. डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडायला ब्रोकर निवडतानाही तसंच करा.

‘शून्य ब्रोकरेज’ वाचून हुरळू नका. शेअर विकताना डीपी चार्ज, म्हणजे डीमॅटमधून शेअर बाहेर काढायचा आकार, लागतो. तो दर कंपनीमागे, दर दिवशी, नग कितीही असोत. तो १५ रुपये धरला, तर ३०० रुपयांचा एकच शेअर विकताना ५ टक्के तिथेच गेले. शिवाय एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा सरकारी कर: घेताना ०.१ आणि विकतानाही ०.१ टक्के, तो सगळीकडे सारखाच, त्यात ब्रोकरची मेहेरबानी नाही. वार्षिक शुल्क विचारताना ‘बीएसडीए (छोट्या गुंतवणूकदाराचं साधं डीमॅट) मिळेल का?’ हेही विचारा: एकच डीमॅट आणि ४ लाखांपर्यंतचे शेअर असतील तर ते शून्य.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या संकेतस्थळावर ब्रोकरचा नोंदणी क्रमांक तपासाच.

अर्ज अडतो तो बहुधा नावावर. पॅनवर ‘पाटील संजय’, आधारवर ‘संजय आनंदराव पाटील’, की अर्ज परत. आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा. पतसंस्थेचं खातं चालत नाही, बँकेचंच लागतं. अर्जातली एफ अँड ओची (फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे वायद्याच्या सौद्यांची) खूण मात्र काढून टाका, त्यासाठी उगाच उत्पन्नाचा पुरावा मागतात.