बुद्धाच्या पाठीवरची चीर

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा सगळ्यात आधी काय उचललं तर गॅस सिलिंडर, मग गाद्या, मग मिक्सर, आणि खालच्या खोलीतल्या शोकेसच्या सगळ्यात खालच्या फळीवर बसलेला बुद्ध राहिला तो राहिलाच. दोन दिवस पाण्यात. तिसऱ्या दिवशी चिखल काढताना आईला सापडला, तोंड खाली, पाठ वर. शेजारच्या सोसायटीत मगर आली होती म्हणून सगळे मोबाईल घेऊन तिकडे पळाले होते आणि आई इकडे नळाखाली बुद्धाला आंघोळ घालत होती.

ही मूर्ती बाबांनी नेपाळच्या ट्रिपमध्ये घेतलेली. काठमांडूजवळ पाटण, त्याच्या पुढे बुंगमती नावाचं गाव आहे, तिथे ओटीवर बसून लोक लाकूड कोरत असतात, नेवार समाजातल्या अशा कित्येक कारागिरांचं आडनावच शिल्पकार असतं. साधारण दीड वीत उंच, पद्मासन, डावा हात मांडीवर, उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली. दुकानदाराने शिसव म्हणून सांगितलं होतं. बाबांनी ते पुढची वीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगितलं.

पुरानंतर दिवाळीपर्यंत मूर्ती ठीक होती. मी शहाणपणा करून तिला गच्चीवर उन्हात ठेवून खडखडीत वाळवली, तीच चूक झाली हे नंतर कळलं. डिसेंबरात थंडी पडली आणि एके दिवशी बघते तर पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत सरळ चीर, पोस्टकार्ड आत जाईल एवढी. आईला वाईट वाटलं, भंगलेली मूर्ती घरात ठेवावी का वगैरे सुरू झालं. मी म्हटलं थांब, आणि एमसील आणून चीर बुजवली, वरून बुटाचं ब्राऊन पॉलिश. हसू नका. लांबून अगदी छान दिसत होतं.

मग फेब्रुवारीत मांडवीकडचे एक मिस्त्री काका दाराची चौकट बदलायला आले, पुरात तीही फुगली होती ना. गुजराती सुथार, बापजाद्यांपासून हेच काम, आमच्याकडे जुन्या पोळांमधल्या, म्हणजे दाट गल्ल्यांमधल्या, घरांच्या कोरीव खांबांची आणि झरोक्यांची रिपेअरिंग करणारे जे थोडे लोक उरलेत त्यातले. चहा पिता पिता त्यांची नजर शोकेसवर गेली. मूर्ती उचलली, हातात तोलली, उलटी केली आणि आधी म्हणाले, "आ सीसम नथी, बेन." शिसव एवढा हलका नसतो, हा रंग चढवलेला आहे. (बाबा नाहीत आता, नाहीतर तिथेच भांडण झालं असतं.) मग पाठ बघितली. "आ शुं भर्युं छे?" हे काय भरलंय? मी गप्प.

त्यांनी मूर्तीचा तळ दाखवला. वर्तुळं अगदी स्पष्ट होती, आणि सगळ्यात आतलं वर्तुळ बरोबर मूर्तीच्या मध्यावर. म्हणजे फांदीचा अख्खा गोल ठोकळा घेऊन त्यातूनच कोरलीय, गाभा आतच राहिलाय. लाकूड सुकताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्तुळाच्या दिशेने ते जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडच्या दिशेने आकसतं, म्हणजे घेर कमी व्हायला बघतो पण आतला भाग तेवढा लहान व्हायला तयार नाही, मग कुठेतरी फाटणारच. जिथे ऊन जास्त लागलं तिथे फाटलं. मिस्त्री हे सगळं आकडे न सांगता दोन मुठी एकात एक घालून दाखवून मोकळे झाले.

आणि एमसील का वाईट, तर पावसाळ्यात लाकूड परत फुगणार, चीर मिटायला बघणार, आणि मध्ये हा दगड. मग ते दुसरीकडे फाटणार. त्यांनी पटाशीच्या टोकाने माझं ते सगळं कौशल्य दहा मिनिटांत उकरून काढलं. म्हणाले चोमासुं आववा दो, पावसाळा येऊ दे, आत्ता काही करायचं नाही. फारच मोठी राहिली तर त्याच जातीच्या लाकडाची पातळ चीप घालू पण ती एकाच बाजूला चिकटवायची, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते.

त्या दिवसापासून मला लाकडी बुद्धांचं जरा वेडच लागलं. रात्री दोन दोन वाजेपर्यंत वाचत बसायचे. आणि गंमत म्हणजे मिस्त्रींनी जे चहा पिताना सांगितलं त्याच एका प्रॉब्लेमवर जपानी लोकांनी कित्येक शतकं डोकं चालवलंय.

आधी तेही एकाच ओंडक्यातून मूर्ती काढायचे. मग गाभ्याने त्रास दिला की मागून पाठ पोखरायची, आतून पोकळ करायची आणि वर झाकण बसवायचं. पुढे अजून एक युक्ती, कोरून होत आलेली मूर्ती मुद्दाम उभी फाडायची, दोन्ही अर्ध्या आतून खरवडायच्या आणि परत जोडायच्या. कल्पना करा, चेहरा झालाय, खांदे झालेत आणि आता तुम्ही त्यावर पाचर ठेवून हातोडा मारणार. माझी तर छाती झाली नसती. आणि मग अकराव्या शतकात जोचो नावाचा शिल्पी झाला, त्याने एका ओंडक्याचा हट्टच सोडला आणि बरेच छोटे ठोकळे आधीच जोडून पोकळ मूर्ती करायची पद्धत एकदम पक्की केली. क्योटोजवळ उजी गावात ब्योदो-इन मंदिरात त्याने केलेला 1053 सालचा अमिताभ बुद्ध आजही बसलेला आहे, पावणेतीन मीटरच्या आसपास उंच, हिनोकी म्हणजे तिकडच्या सायप्रसच्या लाकडाचा, वर सोन्याचा वर्ख. या पद्धतीत मोठं झाड लागत नाही, गाभा टाळता येतो, वजन कमी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम वाटून घेता येतं, एकजण हात करतोय, एकजण पाय, एकजण डोक्यावरचे कुरळे केस वेगळे करून एकेक ठोकून बसवतोय. नारा शहरातल्या तोदाई-जी मंदिराच्या दक्षिण दरवाजातले दोन द्वारपाल, 8 मीटरपेक्षा उंच, 1203 साली उन्केई आणि काईकेई या दोन शिल्पींच्या टीमने 69 दिवसांत उभे केले. एकेका मूर्तीत साधारण तीन हजार तुकडे. आमच्या चौकटीला सव्वीस दिवस लागले, पण ते जाऊ दे.

पण मला खरं अडकवलं ते त्या पोकळीने. आपल्याला वाटतं की पोकळ म्हणजे स्वस्त, आतून रिकामं, फसवलं. सोनाराकडे पोकळ बांगडी म्हटलं की आपण नाक मुरडतो. तिथे उलट झालं, लाकूड फाटू नये म्हणून केलेली जागा, मग तिच्यात काहीतरी ठेवायला सुरुवात झाली. सूत्रांच्या गुंडाळ्या, देणगी देणाऱ्यांची नावं, छोट्या मूर्ती, आणि कारागिरांच्या सह्यासुद्धा. क्योटोच्या सेइर्यो-जी मंदिरात एक उभा शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, आहे, चोनेन नावाच्या जपानी भिक्षूने 985 साली चीनमध्ये करून घेतलेला. 1954 मध्ये त्याच्या आत काय सापडलं माहितीये? रेशमी कापडाची शिवलेली आतडी, हृदय, यकृत असे अवयव. हजार वर्षांपूर्वीचे! कुणीतरी बसून रेशमाचं हृदय शिवलं आणि ते लाकडाच्या छातीत ठेवून पाठ बंद केली, पुन्हा कुणी बघणार नाही हे माहीत असताना. हे वाचलं त्या रात्री मी खाली जाऊन आमच्या मूर्तीच्या चिरेत टॉर्च मारून बघितला. नुसता भुसा होता आणि थोडं एमसील.

ही सेइर्यो-जीची मूर्ती म्हणजे आपल्याकडच्याच एका कथेतल्या मूर्तीची नक्कल मानतात. कौशांबीचा राजा उदयन. बुद्ध आईला उपदेश करायला तेहेतीस देवांच्या स्वर्गात गेले, इकडे राजाला विरह सहन होईना, म्हणून त्याने चंदनाची मूर्ती करवून घेतली, आणि ती पहिली बुद्धमूर्ती. इतिहास म्हणून नका घेऊ, पण कथा सांगणाऱ्याला पहिली मूर्ती दगडाची नाही तर चंदनाची वाटली यात मला मजा वाटते. चंदनाच्या मूर्तीला रंग देत नाहीत कारण वास आणि लाकडाचा अंगचा रंग हीच तिची शोभा. जपानात चंदन उगवत नाही म्हणून त्यांनी दुसरी लाकडं वापरली पण कित्येकदा तीही रंग न देता तशीच ठेवली.

डोळ्यांचं पण असंच. बाराव्या शतकापासून तिकडे स्फटिकाचे डोळे बसवायला लागले, ते बाहेरून चिकटवत नाहीत, डोकं पोकळ असतं ना, तर आतून पातळ स्फटिक लावायचा, त्याच्या मागच्या बाजूला बुबुळ रंगवायचं, मागे पांढरा कागद किंवा कापूस, आणि वरून लाकडी चीप बसवून बांबूच्या खिळ्यांनी पक्कं करायचं. म्हणून समईच्या उजेडात ते डोळे ओले दिसतात. उन्केईने 1212 च्या सुमारास केलेल्या दोन मूर्ती आहेत नाराच्या कोफुकु-जी मंदिरात, असंग आणि वसुबंधू. हे दोघे भाऊ बौद्ध तत्त्वज्ञ, आपल्या उपखंडातले, गांधारकडचे, त्याच्याआधी आठेकशे वर्षं होऊन गेलेले. त्याने त्यांना कधी बघितलं असणार, तरी फोटोत वसुबंधूकडे बघितलं तर असं वाटतं की हा माणूस आत्ता काहीतरी बोलणार होता आणि राहिला.

मग मला प्रश्न पडला की एवढं सगळं तिकडे, आपल्याकडे लाकडी बुद्ध कुठे गेले? उत्तर सोपं आहे, वाळवी आणि पाऊस. आपल्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीने 1960 च्या आसपास शामळाजीजवळ देवनी मोरीला उत्खनन केलं, तिथला स्तूप आता धरणाच्या पाण्याखाली आहे, पण तिथून भाजक्या मातीचे फार सुंदर बुद्ध मिळाले. माती टिकली. लाकूड असलं तरी टिकलं नसतं. पण लाकूड गेलं तरी त्याची आठवण दगडात राहिलीये हे मात्र आपण शाळेच्या सहलीत बघून विसरतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर बघा, छताला ज्या कमानी फासळ्या आहेत त्या खऱ्या लाकडाच्या, दोन हजार वर्षांच्या. दगडाच्या छताला त्यांची काही गरज नाही! आणि वेरूळचं दहा नंबरचं लेणं, तिथे त्याच फासळ्या दगडात कोरल्यात आणि खाली पाय सोडून बुद्ध बसलेत. लोक त्याला काय म्हणतात, सुताराची झोपडी. मिस्त्री काकांना हे सांगितलं तर म्हणाले, बरोबर आहे, आमच्या विश्वकर्माचंच ते. गुजरातेतले सुथार दर्शनाला जातात म्हणे तिकडे.

आता खुणांबद्दल थोडं, कारण आई विचारत होती. जमिनीला टेकलेला उजवा हात म्हणजे भूमिस्पर्श मुद्रा, मोहात पाडायला आलेल्या माराने विचारलं तुझा साक्षीदार कोण, तर बुद्धांनी जमिनीला बोट लावलं. लांब कानाच्या पाळ्या म्हणजे राजपुत्र असताना जड कुंडलं घालायचे, ती काढली पण पाळी लोंबलेली राहिली. मला सगळ्या लक्षणांमध्ये हे सगळ्यात आवडतं. डोक्यावरचा उंचवटा, दोन भुवयांमधला ठिपका, उजवीकडे वळलेले केस ही सगळी बत्तीस लक्षणांच्या परंपरेतली. मिस्त्रींना मात्र यातल्या कशातच इंटरेस्ट नव्हता, ते फक्त टेकलेल्या हाताची बोटं बघत होते. म्हणाले, बोटं खाली जातात आणि लाकडाची नसही वरून खालीच जाते म्हणून टिकलीत, आडवी असती तर पहिल्या धक्क्यालाच तुटली असती. क्योटोच्या कोर्यु-जी मंदिरात लाल पाइनचा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध, आहे, गालाजवळ बोट नेऊन विचार करणारा, 1960 मध्ये एका कॉलेजच्या मुलाने जवळ जाऊन हात लावला आणि बोट तुटलं. नंतर जोडलं परत, कळतही नाही म्हणतात.

आई या मूर्तीला आधी हळद-कुंकू वाहायची. नववा अवतार, झालं. एकदा माझी मैत्रीण घरी आली, तिच्या आजोबांच्या पिढीपासून घर बौद्ध, ती काही रागावली नाही, फक्त म्हणाली काकू, आमच्याकडे फूल आणि मेणबत्ती एवढंच. मग तिने आईला सयाजीबागेत नेलं, संकल्पभूमीवर, जिथे 23 सप्टेंबर 1917 ला बाबासाहेब झाडाखाली बसले होते, या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना म्हणून. आम्ही लहानपणापासून त्या बागेत भेळ खायला जायचो, म्युझियममधला व्हेल माशाचा सांगाडा बघायला जायचो, आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आईने येऊन कुंकू पुसलं. नाकाच्या शेंड्यावर अजून थोडा लाल डाग आहे, लाकडात शिरलाय, निघत नाही.

जुलै अर्धा झाला. परवा आईने हाक मारली, हातात जुनं पोस्टकार्ड. चिरेत घालून बघत होती, जाईना. फक्त खाली कमरेपाशी, जिथे माझ्या एमसीलचा एक तुकडा काढायचा राहिलाय, तिथे जरा फट आहे. मिस्त्रींना फोन केलाय. रथयात्रेनंतर येतो म्हणाले होते, अजून आले नाहीत.