आमची वाटचाल: तिसऱ्या खुर्चीपर्यंत

ब्रिटनमध्ये जुळवलेलं पहिलं काँकॉर्ड, म्हणजे आवाजाहून वेगवान प्रवासी विमान, ९ एप्रिल १९६९ रोजी ब्रिस्टलजवळच्या फिल्टनहून उडालं. तिथून जवळच, आमच्या गॅरेजमध्ये, आमची कंपनी सुरू झाली. कंपनी म्हणजे मी, सांगलीचा एक मित्र आणि हिशेब बघणारी बायको. फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा प्रोग्रॅम, त्यासाठी विमानं बनवून विकायची, हा धंदा. आईच्या मते मी व्हिडिओ गेम विकतो. अगदीच चूक नाही म्हणा.

आमचं पहिलं काँकॉर्ड आम्ही देखणं केलं. त्याचं झुकणारं टोकदार नाक उड्डाणाला ५ अंश खाली, उतरताना साडेबारा. खपही बरा झाला, पण जाणकार गिऱ्हाईक चिडलं, कारण इंधनाचं सगळं काम आम्ही आपोआप होऊ दिलं होतं.

काँकॉर्डची खरी गंमत तिथेच आहे. वेग आवाजापलीकडे गेला की पंखांच्या उचलीचा केंद्रबिंदू मागे सरकतो आणि नाक खाली जाऊ बघतं. ते पंखांच्या कडा हलवून सावरायचं, तर हवेचा विरोध वाढतो. म्हणून सुमारे २० टन इंधन पंपाने शेपटीकडच्या ११ नंबरच्या टाकीत वगैरे न्यायचं, आणि वेग उतरताना परत पुढे आणायचं. हे काम तिसऱ्या खुर्चीवरच्या फ्लाइट इंजिनिअरचं. आम्ही त्यालाच विमानातून उतरवून ठेवलं होतं!

मग दुसरी आवृत्ती घेतली. दीड वर्ष विक्री जवळजवळ बंद, घरात कुरबुर. काँकॉर्डचे वैमानिक ज्यावर शिकले तो फिल्टनचा सिम्युलेटर आता ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात आहे. तिथे आमच्या चकरा सुरू झाल्या. तेराही टाक्या, त्यांचे पंप, काटे असं सगळं पॅनल उभं केलं. आता गिऱ्हाईक कमी, पण टिकून आहे. इंधन पुढे आणायला विसरून शेपटी जड ठेवणारे लोक ईमेल करून आम्हालाच झापतात.

एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तर विचारलं, ‘फट कुठाय?’ आवाजाच्या दुप्पट वेगात, म्हणजे मॅक २ ला, तापून काँकॉर्ड १५ ते २५ सेंटिमीटर लांबायचं, आणि इंजिनिअरच्या पॅनलशेजारी हात जाईल एवढी फट पडायची. २००३ मध्ये विमानं निवृत्त होताना काही इंजिनिअरांनी आपली टोपी त्या फटीत सरकवली. विमान थंड झालं, टोपी अडकली.

पुढच्या अपडेटमध्ये फट दिली. टोपीही दिलीय, पण ती मॅक २ गाठल्यावरच बसते.