ठेका जुना, गाणे नवे

गाणी पाठवण्याच्या बाबतीत मी एक पथ्य पाळतो: एका वेळी एकच गाणे पाठवायचे आणि त्यात नेमके काय ऐकायचे, ते सोबत एका ओळीत लिहायचे. नुसते गाणे धाडले की समोरचा माणूस उंचावलेला अंगठा पाठवून मोकळा होतो. डिस्को आणि त्याच्या वळणावर रचलेल्या नव्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताला तर ही एक ओळ हवीच, कारण अनोळखी कानाला त्यात एकसुरी धडधडीपलीकडे काही सापडत नाही.

आरंभ मी मुळापासून करतो. १९७७ साली म्युनिकमध्ये जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी गायिका डॉना समर हिच्या आवाजात ‘आय फील लव्ह’ ध्वनिमुद्रित केले. व्हायोलिनांचे ताफे आणि पितळी वाद्ये यांच्यावर पोसलेल्या डिस्कोत त्यांनी जवळजवळ सगळा भार मूग सिंथेसायझर या विजेवर सूर घडवणाऱ्या यंत्रावर टाकला. सोबतची ओळ अशी असते: ‘हेडफोन लावूनच ऐक.’ खर्जातला प्रत्येक सूर एका कानात पडतो न पडतो तोच त्याची किंचित उशिराची प्रत दुसऱ्या कानात उमटते आणि या लपंडावामुळे साधी स्वरावली दुप्पट वेगाने धावू लागते. गंमत म्हणजे मूगमधून पायाच्या ढोलाचा हवा तसा दणका निघेना, म्हणून तेवढ्यासाठी कीथ फोर्सी या ड्रमवादकाला बसवावे लागले. यंत्रयुगाची नांदी म्हणून गाजलेल्या गाण्याचा ठेका एका माणसाच्या पायाने धरलेला आहे, ही गोष्ट मला भारी आवडते.

जुन्या वळणाच्या नव्या गाण्यांत मी हेच शोधतो. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीने आपल्या २०१३ च्या अल्बमसाठी मुरलेले वादक बोलावले. ‘गेट लकी’मध्ये शीक या डिस्कोसमूहाचा नाइल रॉजर्स गिटारवर आहे. गाण्याकडे क्षणभर दुर्लक्ष करून फक्त त्याचा उजवा हात ऐकावा: तारा अर्धवट दाबून काढलेली ती चटपटीत कातरणी बदलते थोडीच, पण कंटाळा येऊ देत नाही. त्याच अल्बममध्ये खुद्द मोरोडर आपली कहाणी नऊ मिनिटांच्या एका रचनेत बोलून दाखवतो. ती मात्र मी घाईत असलेल्या माणसाला पाठवत नाही.

उलट, स्टारडस्ट या तिघांच्या समूहाचे १९९८ चे ‘म्युझिक साउंड्स बेटर विथ यू’ कोणालाही चालते. गायिका चाका खानच्या १९८१ च्या एका गाण्यातला गिटारचा लहानसा तुकडा त्यात पुन्हा पुन्हा फिरतो आणि तेवढ्यावर अख्खे गाणे उभे राहते. त्यानंतर या त्रयीने दुसरे गाणे काढलेच नाही, हा शहाणपणा मला दुर्मिळ वाटतो. मुखपृष्ठावर गुलाबी सूर्यास्त, आत कॅसेटची कृत्रिम खरखर आणि त्याखाली रचना म्हणावी असे काहीच नाही, असा माल हल्ली उदंड झाला आहे. तो मी कोणालाही पाठवत नाही.

सर्वांत शेवटी काढतो तो मुंबईचा ऐवज. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे हाताशी घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा ती तबकडी फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या कानसेनांनी डोळे विस्फारले, कारण शिकागोत पुढे ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताच्या नावाने गाजलेला तो वळवळता खर्ज मुंबईत काही वर्षे आधीच वाजून गेला होता.

त्यातला ‘ललित’ मी एकदा रात्री अकराच्या सुमारास, आयुष्यभर शास्त्रीय गाणे शिकवत आलेल्या आत्याला पाठवला. सोबत लिहिले, ‘आत्या, खालचा सूर कसा वळतो ते ऐका.’ ठेक्याबद्दल तिने अवाक्षरही काढले नाही. उत्तर आले: ‘अरे, हा पहाटेचा राग, ही काय वेळ झाली? त्या दहांत मालकंस असेल तर तो पाठव, या वेळेला चालेल.’ मालकंस होता, लगेच पाठवला.