डब्यातली काकडी परत येते तेव्हा

दुपारी अडीच-तीनच्या सुमारास डबे परत येतात. घासायला टाकण्याआधी मी प्रत्येक डबा उघडून बघते. भाजी उरली असेल तर तिखट-मिठाचं काही चुकलं का ते कळतं. पोळ्या तशाच आल्या तर पोरगं आजारी आहे का, म्हणून संध्याकाळी फोन करते. सगळ्यात वाईट मला वाटायचं ते सॅलडचा कप्पा उघडताना. काकडीच्या चार चकत्या, टोमॅटोच्या दोन, कांदा, लिंबाची फोड, सगळं जसंच्या तसं. सकाळी साडेनऊला कापलेली काकडी, कडा सुकलेली आणि मधून पाणी सुटलेली. सकाळी सहाला पाचकंदीलच्या बाजारात जाऊन निवडून आणलेली भाजी मी रोज दुपारी गायीच्या टोपलीत टाकत होते.

धुळ्याला देवपुरात माझी मेस आहे. 32 डबे जातात. मुलं शिरपूर, साक्री, शहादा, तळोद्याकडची. घरी आईच्या हातचं खाऊन आलेली, इथे खोली करून राहणारी. त्यांच्या पोटात दिवसातून एकदा तरी काही कच्चं, ताजं जावं ही माझी फार इच्छा. कारण बाकीचा दिवस ती कशावर काढतात ते मला माहीत आहे. वडापाव, पोहे, रात्री अकराला नूडल्स.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाने मेयोनीजची बाटली आणून दिली. "काकू, सॅलडवर हे घालून द्या, मग आम्ही खाऊ." प्रामाणिकपणे बोलला बिचारा. मी चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. पाकिटावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. त्या बाटलीवर पहिलं नाव तेलाचं होतं. पुढे साखर आणि मीठही होतं. मिठाचं प्रमाण मात्र पोषणाच्या तक्त्यात 'सोडियम' म्हणून लिहितात. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते निघतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. आपलं वरण, भाजी, लोणचं, पापड एवढ्यातच तो चमचा कधी भरून सांडतो ते कळत नाही. त्यावर आणखी ही बाटली कशाला?

बाटली मी परत दिली, पण पोराचं म्हणणं मनात राहिलं. नुसती काकडी त्याला खाववत नव्हती, यात त्याचा काय दोष? मलाही नाही खाववत.

माझं माहेर यावल तालुक्यातलं. आईने आम्हाला चकत्या कापून कधी वाढल्याच नाहीत. भरिताबरोबर कांद्याची पात आणि मुळा तेवढा अख्खा ताटात यायचा. बाकी जे कच्चं असेल ते कालवलेलं. दह्यात, कुटात, मोहरीत, लिंबात. ताटातली डावी बाजू म्हणजे जेवणाची चव तिथूनच सुरू होते, असं ती वाढायची. मी मेस सुरू केली आणि हॉटेलातल्या ताटाचं बघून चकत्या कापायला लागले. काम पटकन होतं ना. तिथेच माझं चुकलं होतं.

मग मी कालवायला घेतलं. आणि कालवता कालवता हेही शिकले की आपल्या कोशिंबिरीतसुद्धा तेल कमी नसतं.

आधी दाण्याचं कूट. 32 डब्यांच्या कोशिंबिरीला मला पाव किलो कूट लागतं. त्यावर पूर्वी मी एक वाटी तेलाची चरचरीत फोडणी ओतायची. एक दिवस बसून हिशोब केला. शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेलच असतं. म्हणजे पाव किलो कुटातून सव्वाशे ग्रॅम तेल आधीच गेलं, आणि वर मी पुन्हा वाटीभर घालतेय! तेलाच्या 1 ग्रॅमला 9 कॅलरी. पोह्याच्या चमच्यापेक्षा थोडा मोठा, 15 मिलिलिटरचा चमचा घेतला तर त्यातल्या तेलाच्या 120 कॅलरी होतात. आता मी पाव वाटी तेलात फोडणी करते. जिरं, हिंग, कढीपत्ता, उभी चिरलेली मिरची, सगळं तितकंच. फक्त ही फोडणी भाजीवर न ओतता कुटावर ओतते आणि झाकण ठेवते. कूट ती सगळी पिऊन घेतं, वास त्यात मुरतो, आणि मग ते कूट कोशिंबिरीत कालवलं की प्रत्येक घासाला फोडणीची चव लागते. कुणालाही तेल कमी झाल्याचं कळलं नाही.

तेल अगदीच काढून टाकू नका, हेही सांगते. गाजरातलं जे सत्त्व डोळ्यांसाठी चांगलं म्हणतात, ते अंगी लागायला थोडा स्निग्ध पदार्थ सोबत असावा लागतो. गाजराच्या किसात कूट घालायची आपली पद्धत त्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. दाणे मात्र मंद आचेवर भाजा, कूट भरड ठेवा, आणि निवडताना काळपट, बुरशीचा वास येणारा एकेक दाणा बाहेर काढा. यात मी कंजूषपणा करत नाही.

थंडीत माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे लसणाच्या पातीचं दही. बाजारात पात आली की मी दोन-दोन जुड्या आणते. एक जुडी पात, दोन-तीन हिरव्या मिरच्या, मूठभर भाजलेले दाणे आणि चमचाभर जिरं खलबत्त्यात ठेचायचं. मिक्सरला लावलं तर पातीचं पाणी होतं आणि रंगही उतरतो, म्हणून खलबत्ताच. मग दोन वाट्या दही फडक्यात तासभर टांगून, घोटून त्यात हे मिसळायचं. हिरवट, दाट, नाकात भरणारं. किसलेलं गाजर, बारीक चिरलेला कोबी, उकडलेलं बीट, कशावरही घाला. ज्याने मेयोनीजची बाटली आणली होती त्या मुलाने हे पहिल्यांदा खाल्लं त्या दिवशी डबा आणणाऱ्या भाऊंबरोबर चिठ्ठी पाठवली: "हिरवं दही उद्या परत." ती चिठ्ठी मी फ्रिजवर लावून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट फेसलेल्या मोहरीची. तरुण घरांतून ती जवळजवळ गेलीच, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण थेंबभर तेलाशिवाय एवढी ठसठशीत चव देणारं दुसरं काही नाही. दोन चमचे मोहरी कोरडीच बारीक करायची, मग चमचाभर गार पाणी घालून फेसत राहायचं. नाकात झिणझिणी आली की झाली. मोहरी कुटली आणि तिला पाणी लागलं की मगच हा झणका तयार होतो, अख्ख्या दाण्यात तो नसतो. पाणी गरम घेतलं तर झणका येत नाही, नुसता कडवटपणा राहतो. ही मोहरी दह्यात घालायची, चवीला मीठ आणि चिमूटभर साखर. आमच्या माहेरी केळीचे घड घरातच टांगलेले असत, म्हणून आई यात जरा कडक केळ्याच्या चकत्या घालायची. काकडीलाही छान लागते. माझी मुलं आधी ठसका लागून पाणी प्यायली, पण त्या दिवशी एकही कप्पा भरलेला परत आला नाही.

मेथीचं तर काही करावंच लागत नाही. कोवळी पानं चिरायची, कांदा, भरड कूट, लिंबू, थोडं तिखट. मराठवाड्यात याला घोळाणा म्हणतात. मी पहिल्यांदा घरात केलं तेव्हा सासूबाई ताटाकडे बघून म्हणाल्या, "हाई काय पालापाचोळा शे वं?" मी काही बोलले नाही, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर पुढे ठेवलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं, त्यामुळे घोळाण्यावर लिंबू पिळायला विसरू नका. कच्ची मेथी खायची म्हणजे माती राहता कामा नये. मी तीन पाण्यांतून काढते.

आता वरून घालायच्या गोष्टी. खानदेशात वरून काय, तर शेव. भाजीत शेव, पोह्यांवर शेव, कांदा-टोमॅटोवर शेव. मलाही आवडते, आणि शेवभाजीच्या दिवशी मी हात आखडत नाही. पण रोजच्या कोशिंबिरीवर मूठभर तळलेली, खारी शेव घातली की कोशिंबीर करण्याचा अर्थच राहत नाही. आणि तरी मुलांना वरून काहीतरी कुरकुरीत लागतं, ते मला पटतं. मऊवर कुरकुरीत हवंच.

त्यासाठी मी भट्टीवरून फुटाणे आणते, सालं पाखडून काढते आणि खलबत्त्यात जरा ठेचते. दुसरं, बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड. उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे, लसूण-तीळ घालून आम्ही बायका मिळून घालतो ते. सगळं घर ते तळून खातं, पण गॅसच्या आचेवर भाजलेला बिबडाही तितकाच खमंग होतो. हाताने चुरडून वर घातला की शेवेची आठवण येत नाही. बिबड्यात मीठ असतंच, म्हणून त्या दिवशी कोशिंबिरीत मीठ निम्मं. हा चुरा कागदाच्या पुडीत वेगळा देते, मुलं जेवताना घालतात. आधी घातला तर दह्यात भिजून लगदा होतो.

जवस आणि तीळ आलटून पालटून. जवस भाजून भरड करायचं, अख्खं घालायचं नाही. अख्खं जवस न पचता तसंच बाहेर पडतं, मग त्याचा उपयोग काय? आणि एकदम किलोभर करून ठेवू नका, दळलेलं जवस लवकर खवट होतं. मी आठवड्यापुरतं करते, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवते.

मिठाचं मी घरातून शिकले. ह्यांना तीन वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा घरात आठ दिवस अबोला होता, एवढं जेवण बेचव झालं होतं. मग माझ्या लक्षात आलं की काकडीला आधी मीठ लावलं की पाणी सुटतं, मीठ त्या पाण्यात तळाला जातं, आणि जिभेला लागत नाही म्हणून आपण आणखी घालतो. आता मीठ अगदी शेवटी, पान वाढल्यावर. जिरं भाजून पूड, लिंबू, हिंग, थोडी मिरपूड यांचं प्रमाण वाढवलं. दीड महिना लागला जिभेला सवय व्हायला. चाट मसाला मात्र बंद केला, त्यात मीठ भरपूर असतं आणि लोक ते विसरतात. डब्यांमध्येही मी मीठ कालवत नाही, छोट्या डबीत दही किंवा लिंबू-कुटाचं कालवण वेगळं देते आणि मीठ त्या डबीत.

वेगळं द्यायचं आणखी एक कारण आहे. एकदा मे महिन्यात मी मोड आलेले मूग कच्चेच दह्यात कालवून पाठवले. धुळ्याचं मेमधलं ऊन तुम्हाला माहीत आहे. डबे पोचायच्या आधीच दोन उरलेले मी घरी उघडले तर आंबूस वास. 32 जणांना फोन केले, त्या कप्प्याला हात लावू नका म्हणून. त्या दिवशी माझे हातपाय गार पडले होते. तेव्हापासून मोड आलेलं कडधान्य पाच-सात मिनिटं वाफवल्याशिवाय डब्यात जात नाही, आणि एप्रिल ते जून डब्यात दही नाही म्हणजे नाही. उन्हाळ्यात लिंबू, कूट, कैरीचा कीस, पुदिना यांच्यावर भागवते. कैरी असली की लिंबू आणि मीठ दोन्ही कमी लागतं.

सगळे दिवस सारखे जात नाहीत. रविवारी वरण-बट्टी असते, वांग्याची भाजी, बट्टीवर तूप. त्या दिवशी मुलं सॅलडकडे बघत नाहीत, तर मी मुळा किसून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून, लिंबू पिळून देते. मुळ्याचं पाणी पिळून टाकत नाही, डाळ ते ओढून घेते. कोबी मुलांना अजून आवडत नाही. काय करावं ते मला सापडलेलं नाही. कुणाकडे युक्ती असेल तर सांगा, फक्त त्यात मेयोनीज नको.

गेल्या महिन्यात पुण्याला नोकरीला लागलेल्या एका जुन्या मुलाचा रात्री फोन आला. खोलीवर चौघं मिळून स्वयंपाक करतात. मोहरी फेसली पण झणका आला नाही म्हणाला. मी विचारलं, पाणी कुठलं घेतलंस? गिझरचं, म्हणाला. थंडी होती ना, काकू. मी त्याला माठातलं घ्यायला सांगितलं आणि फोन चालू ठेवून बसले. पाच मिनिटांनी तिकडून चौघांच्या शिंका ऐकू आल्या.