72 तास म्हणजे 72 तास थांबायचं असं नाही

सोमवार सकाळ आणि लग्नसराई, या दोन वेळेला आमच्याकडे ‘ती’ गोळी, संबंधानंतर दिवस जाऊ नयेत म्हणून घ्यायची, सगळ्यात जास्त खपते. मी डी.फार्म केलंय, लग्नानंतर सासऱ्यांच्या मेडिकलमध्ये बसायला लागले, सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, समोर एसटी स्टँड, त्यामुळे या गोळीला गावातलं गिऱ्हाईक कमी आणि आजूबाजूच्या खेड्यांतलं जास्त, कारण असलं काही आपल्याच गावच्या मेडिकलात कोण घेणार. पोरगा गाडी लांब लावतो, हेल्मेट काढत नाही, आधी क्रोसिन मागतो, मग विक्स, मग मागचं गिऱ्हाईक हललं की हळूच, “मॅडम, ती बहात्तरवाली आहे का?”

मी एकच विचारते, कधी झालं. उत्तर बहुतेक वेळा “शनिवारी रात्री” नाहीतर “परवा”. मग काल का नाही आलात? तर म्हणे, “बहात्तर तास असतात ना, म्हटलं सोमवारी घेऊ.” इथे माझं डोकं फिरतं. पाकिटावर 72 छापलंय ते शेवटची हद्द म्हणून, लोक ते लाईट बिलाच्या तारखेसारखं घेतात, शेवटच्या दिवशी भरलं तरी चालतं म्हणून!

आता ही गोळी करते काय ते नीट सांगते, कारण पाकिटातला कागद कोणी वाचत नाही आणि वाचला तरी ती बारीक अक्षरं कोणाला दिसणारेत. आत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, 1.5 मिलिग्रॅम, एकच गोळी. आय-पिल घ्या नाहीतर अनवाँटेड 72 घ्या, औषध तेच. ती बीजांडकोशातून अंडं सुटणं लांबवते, बास. पुरुषाचं बीज बाईच्या पोटात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं, अंडं मात्र सुटल्यावर एखादाच दिवस टिकतं, म्हणजे अंडं सुटेपर्यंत ते बीज आत वाट बघत बसलेलं असतं आणि गोळीने अंडंच लांबवलं की त्याची वाट बघण्यात मुदत संपते. पण अंडं आधीच सुटलेलं असेल तर गोळीचा जवळजवळ काही उपयोग नाही. म्हणून तासांची घाई. शनिवारी रात्री घेतली असती तर कदाचित अंडं अडलं असतं, रविवारी दुपारी ते सुटलं आणि तुम्ही सोमवारी आलात, मग मी गोळी देऊन काय करू, देते तरीही, कारण सुटलं की नाही ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा 1998 चा एक मोठा अभ्यास आहे, त्यात पहिल्या 24 तासांत घेतली तर राहू शकणाऱ्या गर्भांपैकी 95 टक्के टळले, दुसऱ्या दिवशी 85 आणि तिसऱ्या दिवशी 58. पुढच्या अभ्यासांत आकडे थोडे इकडेतिकडे झालेत, पण लवकर घ्या यात कोणाचं दुमत नाही.

“पण ताई, एकदाच झालं, एकदाने काय होतंय” असंही ऐकते. होतं. महिन्यातले धोक्याचे दिवस साधारण सहा, अंडं सुटतं तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या बायकांचा 1995 चा एक अभ्यास आहे, त्यात पाच दिवस आधीच्या संबंधातून साधारण 10 टक्के आणि अंडं सुटायच्या दिवशी 33 टक्के गर्भ राहिले. पाळी 28 दिवसांची असेल तर अंडं चौदाव्या दिवसाच्या आसपास असं शाळेत शिकवतात, पण ते पुस्तकातल्या बाईचं, आपलं परीक्षा, लग्न, आजारपण, जागरण, कशानेही पुढेमागे होतं, म्हणून ‘माझे सेफ दिवस होते’ यावर मी तरी विसंबणार नाही.

आणि फसतं कुठे? कंडोम फाटला असं सांगणाऱ्यांना मी आता थेट विचारते, तेल लावलं होतं का. खोबरेल तेल! आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर खोबरेल, तसं इथेही. तेलाने लॅटेक्स कमजोर होतं आणि फाटतं, व्हॅसलिनचंही तेच, लावायचंच असेल तर पाण्यावर आधारित जेल मिळतं ते घ्या. पाकीट महिनोन् महिने पँटच्या खिशात नाहीतर गाडीच्या डिकीत, मे महिन्याच्या उन्हात, मग दुसरं काय होणार. ऐनवेळी बाहेर काढलं म्हणणारे तर सगळ्यात जास्त, त्या पद्धतीवर वर्षभर राहिलेल्या शंभर जोडप्यांत वीसेक जणींना दिवस जातात, कंडोमवर साधारण तेरा जणींना, कारण दरवेळी नीट आणि सुरुवातीपासून वापरणारे कमीच.

माला-डी, म्हणजे रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी, त्या वाल्यांची वेगळीच धांदल. एक वहिनी घाबरून आल्या, दोन गोळ्या राहिल्या म्हणे. पाकीट बघितलं तर राहिलेल्या दोन्ही शेवटच्या सातातल्या, म्हणजे लोहाच्या, वेगळ्या रंगाच्या असतात त्या. त्यात हार्मोन नसतंच, राहिल्या तर राहिल्या, फक्त पुढचं पाकीट वेळेवर सुरू करा. खरी भीती उलटी आहे, नवीन पाकीट सुरू करायला उशीर किंवा पहिल्या आठवड्यातल्या दोन-तीन गोळ्या विसरणं, आणि त्याच दिवसांत संबंध आले तर तेव्हा विचारायला या. एकच विसरली असेल तर आठवेल तेव्हा घेऊन टाकायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं.

आता माझ्या दुकानात मिळत नाही अशी गोष्ट, कॉपर टी, म्हणजे गर्भाशयात बसवतात ती तांबी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर 99 टक्क्यांहून जास्त खात्री, गोळीपेक्षा कितीतरी चांगली, आणि 380 ए वाली बसवली तर पुढची दहा वर्षं बघायला नको. सरकारी दवाखान्यात फुकट. तरी गोळी मागायला आलेल्यांपैकी एकीलाही हे कोणी सांगितलेलं नसतं. तांबी म्हणजे दोन मुलं झालेल्या बाईने बसवायची असं डोक्यात पक्कं बसलंय. लग्नाला सहा महिने झालेली बाईसुद्धा बसवू शकते, तपासून डॉक्टर ठरवतील, पण निदान विचारा तरी. ज्यांना तीन दिवस उलटून गेलेत त्यांना मी हेच सांगते, चौथा दिवस आहे ना, गोळीचा नाद सोडा, आत्ता समोरून रिक्षा पकडा आणि ग्रामीण रुग्णालयात जा.

दोन औषधांचं मी हटकून विचारते. टीबीचं, ज्याने लघवी केशरी होते ते रिफाम्पिसिन, आणि फीटच्या गोळ्या, फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन. ही औषधं चालू असतील तर या गोळीचा परिणाम कमी होतो, तिथे कॉपर टीच बरी नाहीतर डोस डॉक्टरांना विचारून. वजन 70 किलोच्या वर असेल तरी गोळी कमी पडू शकते. हे काउंटरवर विचारलं की लोकांना वाटतं बाई फार चौकशा करते. करते, बाबा, तुमचे शंभर रुपये वाया जायला नकोत म्हणून.

घेतल्यावर मळमळेल, थोडं डोकं दुखेल. दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होऊ शकते, मध्येच डाग पडतात, आणि डाग दिसले की ‘झालं, सुटलो’ म्हणून पेढे वाटू नका, ती पाळी नव्हे. आणि गोळीने अंडं फक्त लांबवलंय, त्याच महिन्यात दोन दिवसांनी परत तसंच केलं तर ते लांबलेलं अंडं तिथे हजरच असणार! पाळी येईपर्यंत कंडोम सोडायचा नाही. पाळी आठवडाभराहून जास्त लांबली किंवा संबंधाला तीन आठवडे झाले की दिवस गेलेत का ते बघायचं किट आणून सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणारेही येतात, त्यात काहीही दिसत नाही, पैसे फुकट. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं तर मात्र किट-बिट राहू दे, तडक डॉक्टर.

अफवा म्हणाल तर भरपूर. मूल होत नाही, गर्भाशय सडतं, कॅन्सर होतो. यातलं काही होत नाही, अंगावर पिणारं बाळ असलं तरी घेता येते. मात्र दर आठवड्याला घेणाऱ्या एकीला मी सरळ बोलले की याच्यापेक्षा अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घे, तीन महिन्यांतून एकदा, पाळीचा असा खेळखंडोबा करून वर दिवस जायचा धोका आहे तो आहेच. चिठ्ठी लागत नाही, 2005 पासून ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, आणि काही ठिकाणी आशाताईंकडेही हीच गोळी ईझी पिल नावाने असते. तरी काही दुकानदार “नवऱ्याला पाठव” म्हणतात. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या विचारांपायी कॉलेजची नोकरी गेली, आणि शंभर वर्षांनी आमच्या धंद्यातली माणसं काउंटरवर संस्कृती राखत बसलीत.

सगळ्यात जास्त घोळ ‘पाडायच्या’ गोळीशी होतो. ही गोळी राहिलेला गर्भ पाडत नाही, पाडूच शकत नाही, आधीच दिवस गेले असतील तर हिने त्याला अपायही होत नाही. गर्भपाताची किट वेगळी, त्यात वेगळी औषधं, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आणि नऊ आठवड्यांपर्यंतच. काही दुकानांत मागच्या दाराने दुप्पट-तिप्पट पैशाला मिळते, घेऊ नका, गर्भ नळीत अडकलेला असेल तर जीव जाईल. कायदा तुमच्या बाजूने आहे, साधन फसलं हे कारण गर्भपाताला चालतं, 2021 च्या दुरुस्तीनंतर ते लग्न न झालेल्या बाईलाही लागू आहे, 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. आणि अठरा पूर्ण असलेल्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही, आईबापाची नाही, तिची एकटीची पुरते. तरी बऱ्याच ठिकाणी मागतात. मागितली तर कायद्यात कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणायचं, आणि तरीही अडवलं तर तिथे वाद घालण्यात आठवडे घालवू नका, जिल्हा रुग्णालय गाठा.